पहिल्यापासून सुरू करू का?

गेल्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारची गोष्ट. एडिसनमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये गाण्याची बैठक होती. तुमच्या गावातही अशीच होत असणार: गालिच्यावर पांढऱ्या चादरी, जिन्याच्या तोंडाशी बुटांचा ढीग, भिंतीला टेकायला जागा मिळावी म्हणून लवकर आलेली ज्येष्ठ मंडळी आणि वरून येणारा बटाटेवड्यांचा वास. मुख्य गाण्याआधी मुलांना अर्धा तास द्यायचा, अशी आमची पद्धत आहे. तबलजी रूट वनवरच्या गर्दीत अडकले होते, म्हणून मुलांसाठी तानपुरा आणि तबला दोन्ही माझ्या फोनवर लावले.

पहिला बसला तो बारा वर्षांचा मुलगा. यमन. त्रितालातली बंदिश त्यानं नीट म्हटली. स्वर चोख, उच्चार स्वच्छ. एक आलाप झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा चालू असताना माझा फोन वाजला. तबला थांबला, तानपुरा थांबला आणि मुलगाही थांबला. मी धडपडत कॉल कापला, तबला पुन्हा सुरू केला. सहा-सात सेकंद गेली असतील. तबला समेपासून वाजू लागला, मुलगा मात्र गप्प. मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "काकू, पहिल्यापासून सुरू करू का?"

सगळे कौतुकानं हसले. त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. तीच बंदिश, तेच चार आलाप, त्याच क्रमानं, मग पाच ताना आणि शेवटी तिहाई. टाळ्या कडाडल्या. त्याच्या आईनं सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र त्या रात्री वडा गोड लागला नाही.

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं दोनदा, बिनचूक करून दाखवलं. पण खरं बोलायचं तर त्याला यमन येत नव्हता. यमनमधली साडेसहा मिनिटं येत होती. मध्ये कुठे धागा तुटला, तर पुन्हा पहिल्या सेकंदाला जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. ज्याला राग येतो त्याला 'पहिल्यापासून' हा शब्दच सुचणार नाही. तो गंधारावर थांबेल, ठेका ऐकेल, आणि पुढच्या मात्रेला जिथे असेल तिथून निघेल.

मला हे मांडायचं आहे: परदेशात आपण मुलांना जे 'शास्त्रीय संगीत' शिकवतो, त्यातून आपण उपज काढून टाकली आहे. आणि उपज काढून टाकल्यावर उरतं ते आपलं संगीतच नव्हे. याचा दोष मी शिक्षकांवर ढकलत नाही, मुलांवर तर नाहीच. दोष आपला, आई-बापांचा आहे. कारण मागणी आपली आहे.

हे मी कुणावर बोट दाखवून बोलत नाही, माझ्या घरातूनच सुरुवात करते. माझी मुलगी सहा वर्षं गाणं शिकली. दर परीक्षेला तिच्यासाठी एक वही असायची. त्यात रागाचं नाव, आरोह-अवरोह, वादी-संवादी, बंदिशीचं नोटेशन, चार आलाप, आठ मात्रांच्या चार ताना, सोळा मात्रांच्या दोन. त्या वहीतलं अर्धं अक्षर माझं आहे. गाडी चालवताना मी तिच्याकडून ताना म्हणवून घ्यायची. 'म्हण पुन्हा. तिसरी चुकलीस.' ती परीक्षा पास होत गेली, प्रमाणपत्रं फ्रेममध्ये गेली. कॉलेजला गेली ती गेलीच. गाणं घरीच राहिलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा मी म्हटलं, काहीतरी म्हण ना. ती म्हणाली, "आई, मला प्रत्येक रागातले चारच आलाप येतात. ते म्हणून झाले की पुढे काय म्हणायचं ते मला कळत नाही." सहा वर्षांची फी, सहा वर्षांचे रविवार आणि निष्कर्ष हा.

आपल्याकडे या गुणाला चांगला शब्द आहे: उपज. गायकाला गाता गाता जे सुचतं ते. पण याच्या शेजारचा एक शब्द आपली फार दिशाभूल करतो: उपजत. उपजत म्हणजे जन्मतःच असलेलं. या दोन शब्दांची गल्लत करून आपण ठरवून टाकलं, की आयत्या वेळी सुचणं ही देवाची देणगी. ज्याला आहे त्याला आहे, आपल्या मुलाला नाही, तेव्हा त्याच्या हाती वही द्या. पण उपज म्हणजे पीकसुद्धा. पिकासाठी नांगरणी लागते, पेरणी लागते, वाट पाहावी लागते. कुठलाही शेतकरी उपजत पिकाची वाट बघत बसत नाही.

उपजेबद्दलचा दुसरा गैरसमज याच्या नेमका उलटा: मनाला येईल ते गाणं म्हणजे उपज. तसं असतं तर काम सोपं होतं. यमन गाताना मध्यम तीव्रच लावायचा, गंधार आणि निषाद यांचा मान राखायचा, सोळा मात्रांचा हिशेब मनात चालू ठेवायचा आणि वेळेवर समेवर यायचं. बंधनं इतकी पक्की असल्यामुळेच मोकळीक मिळते. अंगणाला कुंपण असलं की मूल निर्धास्त खेळतं, तसं. आपण काय केलं, कुंपण ठेवलं आणि अंगणात पावलं आखून दिली. आता मूल फक्त त्या पावलांवर पाय ठेवतं.

गंमत अशी, की ही पावलं आखण्याचं यंत्र आमच्याच गावात जन्माला आलं. एडिसन टाउनशिपचं नाव १९५४ पर्यंत रॅरिटन होतं. मेन्लो पार्क हा भाग याच टाउनशिपमधला, आणि तिथेच १८७७ साली थॉमस एडिसननं फोनोग्राफ बनवला. कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईनं आवाजाच्या रेघा ओढल्या आणि माणसाचा आवाज पहिल्यांदाच, तो माणूस गप्प असताना, पुन्हा ऐकू आला. आज तिथे एक उंच मनोरा आहे, वर काचेचा मोठा दिवा, खाली छोटं संग्रहालय. ओक ट्री रोडवर भाजी आणायला जाणारे आपण सगळे त्याच्या आसपासून हजारदा गेलो आहोत. एडिसननं १८७८ साली या यंत्राच्या उपयोगांची यादी छापली, तेव्हा पहिला मान पत्रं सांगून उतरवून घेण्याला होता. संगीत चौथ्या क्रमांकावर होतं. दिव्याबद्दल त्याला सगळे ओळखतात. पण गाणं ही घडणारी गोष्ट असते, ती ठेवता येणारी वस्तू झाली, ती या यंत्रामुळे.

भारतात तबकड्यांसाठीचं ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झालं. कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. जो राग तासभर चालायचा, त्याचा अर्क त्या काळातल्या मोठ्या गवयांनी तीन मिनिटांत बसवला आणि काय सुंदर बसवला! पण त्यांना पक्कं माहीत होतं, की हे आजचं गाणं आहे. उद्या बैठकीत दुसरं असेल. ऐकणाऱ्यांची मात्र हळूहळू समजूत झाली, की तबकडीवर आहे तोच राग. आज आपली मुलं यूट्यूबवरचा एक यमन शंभरदा ऐकतात आणि शंभरदा तोच ऐकतात. जुन्या काळी शंभर यमन ऐकणारा माणूस शंभर वेगळे यमन ऐकायचा.

मी यंत्राला शिव्या देत नाही. रेकॉर्ड नसती तर आपण कितीतरी गोष्टींना मुकलो असतो. भीमसेन जोशींचीच गोष्ट घ्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांनी लहानपणी तबकडीवर ऐकली आणि झपाटले गेले. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. १९३३ साली, अकराव्या वर्षी, हा मुलगा गुरू शोधायला गदगच्या घरातून पळाला. रेकॉर्डमुळे तहान लागली, पण रेकॉर्ड पिऊन ती भागली नाही. अखेरीस कुंदगोळला, खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे तो शिकला. आपण आपल्या मुलांची तहान लागण्याआधीच बाटली तोंडाला लावतो.

आता तुमचे आक्षेप. ते मला ठाऊक आहेत, कारण वीस वर्षं मी तेच बोलत आले.

पहिला: "आधी पाया पक्का होऊ दे, उपज नंतर." हे इतकं शहाणपणाचं वाटतं, की कुणी त्याची परीक्षाच घेत नाही. तुमच्या मुलानं बोलायला सुरुवात केली तेव्हा आधी व्याकरण पक्कं केलं होतंत का? त्यानं पाच शब्दांत जमेल ते वाक्य केलं, तुम्ही हरखलात, त्यानं सहावा शब्द उचलला. पाया आणि इमारत बरोबरच वाढतात. आणि तो 'नंतर' कधी येतो? सहाव्या परीक्षेनंतर? तोवर मुलाच्या अंगात भीती इतकी मुरलेली असते, की वहीबाहेरचा स्वर त्याला चुकीचाच वाटतो.

पाठांतर वाईट, असं मी म्हणत नाही. नक्कल हे तर शिक्षणाचं पहिलं दार आहे. कुमार गंधर्व हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ लहान वयात थोर गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. सरगमेचं ज्ञान नसताना हुबेहूब नक्कल! लोक तोंडात बोटं घालत. आजच्या हिशेबानं तो मुलगा 'तयार' होता. स्पर्धा जिंकला असता, व्हिडिओला लाखो लोक लाभले असते. पण त्याला मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला ठेवलं, आणि तिथे नक्कल करणाऱ्या मुलाचा स्वतःचं गाणं शोधणारा गवई झाला. पुढे त्यांच्या गाण्यावर वाद झाले, परंपरा मोडली म्हणून टीका झाली. पण त्यांचं गाणं दुसऱ्या कुणाचं आहे, असं कुणी म्हणू शकलं नाही. दार हे आत जायला असतं. आपण मुलांना दारातच उभं करून फोटो काढतो.

दुसरा आक्षेप: "इथे परीक्षा नसेल तर मुलं शिकणारच नाहीत." यात तथ्य आहे. परीक्षेचा इतिहासही आदरानं सांगायला हवा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं काही घराण्यांच्या आणि दरबारांच्या दाराआड होतं. वर्ग, स्वरलिपी, ठरलेला अभ्यासक्रम यांमुळे ते तुमच्या-आमच्या आज्यांपर्यंत पोचलं. भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांत छापल्या. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण स्वरलिपी म्हणजे नकाशा. नकाशा पाठ करून कुणी प्रवास केला, असं आपण म्हणत नाही. परीक्षा ठेवा, पण शिक्षकाला पहिल्या दिवशी 'परीक्षेला कधी बसवणार?' एवढंच विचाराल, तर तो बिचारा ताना लिहूनच देणार. त्याच्याकडे आठवड्याला पाऊण तास आहे आणि तुम्हाला वर्षअखेर कागद हवा आहे.

तिसरा: "आम्हाला कुठे त्याला गवई करायचंय?" हा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. गवई करायचा नसेल, तर बिनचूकपणाचा एवढा अट्टहास कशाला? चुकण्याची चैन हौशी माणसालाच तर परवडते. चाळिसाव्या वर्षी, दिवसभराच्या मीटिंगांनंतर, एकट्यानं गाडी चालवताना ज्याला यमनात दोन ओळी स्वतःच्या गुणगुणता येतील, त्याचं शिक्षण सार्थकी लागलं. त्या वेळी वही जवळ नसते.

आणि कृपा करून असं म्हणू नका, की आमच्या मुलांच्यात ते नाहीच. त्या बैठकीनंतर महिनाभरानं मी त्याच मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला गेले. तो शाळेच्या जॅझ बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. मध्येच शिक्षकानं त्याच्याकडे बोट केलं, तो उठून उभा राहिला आणि बारा बार त्यानं एकट्यानं वाजवले. कागदाकडे न बघता. दोन स्वर स्पष्ट चुकले. एका चुकीवरच परत जाऊन त्यानं ती पुन्हा वाजवली आणि तिची जागा करून टाकली. मी थक्क झाले. नंतर विचारलं, "अरे, तिथे कसं सुचलं?" तो खांदे उडवून म्हणाला, "तिथे चुकलं तर कोणी थांबवत नाही, काकू."

हेच मूल, हेच कान, हीच बोटं. अमेरिकी शाळेत तीन वर्षांत त्याला जे मिळालं, ते आपल्या परंपरेचं खरं धन आहे, आणि ते आपण त्याला दिलं नाही. याच न्यू जर्सीत, एंगलवुड क्लिफ्सच्या एका स्टुडिओत, ९ डिसेंबर १९६४ या एका दिवसात जॉन कोल्ट्रेननं 'अ लव्ह सुप्रीम' हा गाजलेला अल्बम ध्वनिमुद्रित केला. चार स्वरांच्या एका छोट्या आकृतीची बढत तो पहिल्या भागात करत जातो. आपल्या माणसाला ते ऐकताना ओळखीचं वाटतं. कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती. रविशंकरांवरून त्यानं मुलाचं नाव रवी ठेवलं. जगातले मोठे कलावंत आपल्याकडे ज्या गोष्टीसाठी पाहत होते, ती आपण आपल्या मुलांच्या वहीतून खोडून टाकावी?

उपज ही फक्त गवयांची मिरास नव्हती, हेही आपण विसरलो. जात्यावर बसलेल्या बायका पहाटे दळता दळता ओव्या रचत आल्या. जुन्या ओळीत आपलं दुःख, आपला भाऊ, आपली सासू बसवत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्याचं काम उभं केलं. त्या बायकांपैकी किती जणींना लिहिता येत होतं? जात्याची लय हा ताल, ओवीचा साचा ही बंदिश आणि बाकीचं ज्याचं त्याचं जगणं.

तमाशातली बतावणी घ्या. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या राजकारणावर पदरचे टोमणे मारत, म्हणून लोक तेच नाटक पुन्हा बघायला जात. आणि आपल्या सरकारनं रंगभूमीवर लक्ष ठेवायचं ठरवलं तेव्हा पहिली मागणी काय केली? संहिता आधी लिहून द्या, आम्ही तपासतो. आयत्या वेळी सुचलेलं तपासता येत नाही, म्हणून सत्तेला ते आवडत नाही. आपणही आपल्या घरात तसलंच एक परिनिरीक्षण मंडळ चालवतो का, एवढं विचारून बघा.

आपल्या आधी इथे आलेल्या पिढीनं तर सगळा संसारच उपजेवर केला. पोहे मिळत नव्हते तर राइस क्रिस्पीजचा चिवडा केला. खवा नव्हता तर बिस्क्विकचे गुलाबजाम केले. साचा आठवणीतला, सामान हाताशी असलेलं. नियम माहीत होते म्हणून ते जमलं: चिवड्याला फोडणी कशी हवी, गुलाबजामाचा पाक किती हवा. आज ओक ट्री रोडवर सगळं मिळतं. मला त्याचा आनंदच आहे. पण सगळं तयार मिळू लागल्यावर गाणंही तयार हवं, भाषणही तयार हवं, अशी सवय आपल्याला लागली. कार्यक्रमाला जिवंत तबला-पेटीऐवजी ट्रॅक लावला की कुणी चुकत नाही. कुणी चुकत नाही अशा ठिकाणी काही घडतही नाही.

सर्वांत मोठं नुकसान भाषेचं झालं आहे. आपली मुलं मनाचे श्लोक म्हणतात, अथर्वशीर्ष म्हणतात, रोमन लिपीत लिहून दिलेलं शिवजयंतीचं भाषण हातवाऱ्यांसह करतात. मग पाहुणे सहज विचारतात, "तुला महाराजांचं काय आवडतं रे?" आणि मूल आईकडे बघतं. सहा मिनिटांचा यमन आणि सहा मिनिटांचं भाषण यांत मला काही फरक दिसत नाही.

माझा भाचेनातू पाच वर्षांचा असताना फोनवर आजोबांना म्हणाला, "मी कुत्र्याला चालवून आलो." फोनवर एकच हशा. "अरे, गाडी चालवतात, कुत्र्याला फिरवून आणतात!" हा विनोद मग सगळ्या नातेवाइकांत फिरला. पण जरा थांबून बघा त्या पोरानं काय केलं होतं. चालणे, त्यावरून चालवणे; बसणे-बसवणे, हसणे-हसवणे असतं तसं. नियम त्यानं कुठून तरी कानांनी उचलला आणि हव्या त्या जागी लावला. ती उपज होती, अस्सल मराठी उपज. आपण दाद द्यायच्या वेळी हसलो. आता तो नऊ वर्षांचा आहे. मराठी त्याला 'समजते'. बोलत नाही.

म्हणून मी काही मागण्या करते आहे. अवघड नाहीत.

गाण्याच्या शिक्षकांना सांगा: ताना निम्म्या लिहून द्या, निम्म्या मुलाला करू द्या. पहिल्या महिन्यापासून हे जमतं. बंदिशीचा मुखडा नवव्या मात्रेपासून उठत असेल, तर समेपासूनच्या आठ मात्रा मुलाच्या. त्यात फक्त नि, रे, ग हे तीन स्वर वापरायचे, गंधारावर थांबायचं आणि नवव्या मात्रेला मुखडा पकडायचा. दर आवर्तनाला वेगळं काहीतरी. मुखडा निसटला तर हरकत नाही, पुढचं आवर्तन येतंच आहे. ताल कुणासाठी थांबत नाही आणि कुणाला टाकूनही जात नाही. मी हे आता आमच्या बेसमेंटमध्ये चार मुलांबरोबर करते. पहिल्या दिवशी चौघंही लाजून गप्प. तिसऱ्या शनिवारी त्यांना थांबवावं लागलं.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगा: मुलांच्या कार्यक्रमात दहा मिनिटं ट्रॅकशिवाय ठेवा. वाजवणारं माणूस बसवा, मग ते हौशी का असेना. स्पर्धेत एक बक्षीस बिनचूकपणाला देता, तर एक आयत्या वेळच्या गाण्याला आणि बोलण्यालाही द्या.

आणि स्वतःला सांगा: मूल मराठीत वाक्य सुरू करेल तेव्हा त्याला समेवर येऊ द्या. मध्ये थांबवू नका. लिंग चुकेल, विभक्ती चुकेल. उत्तर देताना तुम्ही योग्य शब्द वापरा, त्याच्या कानावर पडेल. हसू तर अजिबात नका.

आपल्या लोकांना गाण्यात काय हवं असतं ते पूर्वी आपल्याला चांगलं ठाऊक होतं. १९१६ साली 'स्वयंवर' रंगभूमीवर आलं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्वांची. त्या काळचे प्रेक्षक पदामागून पदाला 'वन्स मोअर' देत आणि नाटक रात्रभर चाले. तेच पद पुन्हा ऐकायचं असतं तर एकदा ऐकून माणसं घरी गेली असती. ती थांबत, कारण दुसऱ्या वेळी गंधर्व कुठल्या जागेवरून कुठे जातील हे कुणालाच माहीत नसे.

तेव्हा येत्या शनिवारी तुमच्या मुलाला किंवा मुलीला वही मिटून समोर बसवा. काय म्हणेल ते म्हणू द्या. झालं की टाळ्या वाजवू नका आणि फोनवर रेकॉर्डही करू नका. फक्त म्हणा, वन्स मोअर. आणि त्यानं विचारलं, "पहिल्यापासून सुरू करू का?" तर सांगा, "नको रे. आहेस तिथूनच निघ."